खाडा, उघाड, आखर : मराठीचे कोश करणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मराठीचे शब्दकोश करणाऱ्या आणि गावोगावचे शब्द गोळा करायला निघालेल्या सर्व मंडळींस,

सप्रेम नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यात, आर्णी तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. शाळेत मराठी शिकवते, आणि घरी कोरडवाहू वावर असल्यामुळे सुट्टीच्या दिवशी हातात विळा नाहीतर सरकी असते. हे पत्र लिहायचे कारण माझ्या हातून घडलेली एक चूक आहे. ती आधी सांगते.

काही वर्षांपूर्वी सहावीच्या वर्गाला मी ‘माझे घर’ या विषयावर दहा ओळी लिहायला सांगितल्या होत्या. एका मुलीने चौथ्या ओळीत लिहिले, ‘पोळ्याच्या आठवड्यात बाबा गेले. आमच्या घरात खाडा पडला.’ तिचे वडील कसे गेले ते इथे सांगत नाही. आमच्या भागात ते कोणी विचारतही नाही. मी लाल पेनाने ‘खाडा पडला’वर रेघ मारली आणि वर लिहिले, ‘पोकळी निर्माण झाली’. वर्गाचा नियम असा, की चुकलेला शब्द पाच वेळा लिहून आणायचा. दुसऱ्या दिवशी तिने वही आणली. पोकळी, पोकळी, पोकळी, पोकळी, पोकळी. अक्षर सुरेख होते. मी बरोबरची खूण केली.

पुढच्या जुलैत मी सासूबाईंबरोबर पऱ्हाटीचे, म्हणजे कपाशीचे, खाडे भरत होते. ज्यांनी हे काम पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगते. सरकी टोबली की साधारण आठवड्यात अंकुर वर येतात. पण सगळीकडे नाही. कुठे बी किडीने खाल्ले, कुठे खोल गेले, कुठे वरून माती घट्ट बसली. ओळीने पाहत गेले की मध्येच दोन झाडांची जागा सुनी दिसते. तो खाडा. कोणी त्याला नांगा म्हणते, कृषीच्या पुस्तकांत ‘नांग्या भरणे’ असे छापतात. मग कमरेला सरकीची पिशवी बांधायची, वाकून बोटाने भोक पाडायचे, दोन दाणे टाकायचे, टाचेने माती सारायची. काही लोक पेरणीच्या दिवशीच प्लॅस्टिकच्या पिशव्यांत थोडी रोपे वेगळी वाढवून ठेवतात, खाडा दिसला की तिथे रोपच बसवतात. मी सावकाश चालले होते. सासूबाई ओळीच्या टोकावरून ओरडल्या, ‘‘अवं, हात उचल. आठ दिवसांनं टोबशीन तं शेजारचे झाडं त्याले वर येऊ देतीन का?’’

मी ताठ उभी राहिले. ती वही डोळ्यांपुढे आली.

खाडा ओळीत पडतो. त्याच्या अलीकडे झाड असते, पलीकडे झाड असते. तो भरायचा असतो, आणि भरायला दिवस मोजके असतात. उशीर झाला तर मागाहून लावलेले झाड दोन्हीकडच्या सावलीत खुरटते, त्याला बोंड धरत नाही. त्या मुलीच्या घरी हेच चालले होते. मोठा भाऊ अकरावी सोडून बैलांमागे लागला होता, आई दुसऱ्याच्या वावरात निंदायला जात होती, आणि ही सहावीतली पोर सकाळचा स्वयंपाक उरकून शाळेत येत होती. प्रत्येकजण थोडा थोडा सरकून एक जागा भरून काढत होता. तिने जे पाहिले त्याला तिच्याजवळ नेमका शब्द होता. मी तो काढून घेतला आणि श्रद्धांजलीच्या फलकावरचा शब्द तिच्या हातात दिला.

पोकळी हा शब्द वाईट नाही. पोखरलेल्या लाकडात पोकळी असते, बांबूत असते. पण पोकळीला शेजार नसतो आणि मुदतही नसते. ‘कधीही न भरून निघणारी पोकळी’ असे आपण म्हणतो ते त्यामुळेच. ज्यांच्या घरी उद्या सकाळी चूल पेटवायची आहे त्यांना हे वाक्य परवडत नाही.

याच शब्दाचा दुसरा उपयोग तुम्हाला ठाऊक असेलच. मजुरीला येणारी बाई एखाद्या दिवशी आली नाही तर तिचा खाडा पडतो. निंदणाला बाया ओळीने बसतात, प्रत्येकीची पात ठरलेली असते, आणि जी आली नाही तिच्या पातीत तण तसेच उभे राहते. म्हणजे झाडाचा खाडा आणि माणसाचा खाडा दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात. नांग्याचेही तेच. हे दोन अर्थ कोशात एकाखाली एक, १ आणि २ असे आकडे घालून दिले जातात. आमच्याकडे ते दोन अर्थ नाहीत. बांधावर उभे राहून पाहिले तर तो एकच आहे.

तेव्हापासून मी एक वही ठेवली आहे. तिच्यात रिकाम्या जागांचे शब्द लिहिते. नाव काय द्यावे सुचेना, म्हणून मुखपृष्ठावर शाळेतलाच शब्द लिहिला, ‘गाळलेल्या जागा’. प्रश्नपत्रिकेत ‘रिकाम्या जागा भरा’ असेही छापतात, पण मला ‘गाळलेल्या’ जास्त खरा वाटतो. गाळलेली म्हणजे कोणीतरी गाळलेली. तिथे आधी काहीतरी होते.

पावसाचे घ्या. दोन पावसांच्या मधल्या कोरड्या दिवसांना आम्ही उघाड म्हणतो, पुस्तकात उघडीप. उघाड हवी असते. ती मिळाली नाही तर डवरणी, म्हणजे ओळींमधली कोळपणी, होत नाही, फवारणी होत नाही, तण पिकाच्या वर जाते. चार दिवस झड लागली की बाया आभाळाकडे पाहून म्हणतात, ‘‘जराशी उघाड दे रे बापा.’’ हीच उघाड लांबली की पावसाने ‘ओढ’ दिली. आणखी लांबली की ‘दडी’ मारली. आणि मग येतो खंड. दिवस तेच, आभाळ तेच निळे, पण शब्द बदलला की माणसाचा चेहरा बदलतो. २०२३ चा ऑगस्ट आठवा. देशात १९०१ पासूनच्या नोंदींतला तो सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. सोयाबीन फुलावर होते. त्या वर्षी पीक विम्याच्या बोलण्यातून ‘एकवीस दिवसांचा खंड’ हे शब्द आमच्या पारावर आले आणि प्रत्येकजण बोटांवर दिवस मोजू लागला. मोजता मोजता कळले की आमचा खंड आणि कागदावरचा खंड वेगळे आहेत. पाऊस मोजायचे यंत्र आमच्या वावरात नाही, ते महसूल मंडळाच्या ठिकाणी आहे. हवामान खात्याच्या हिशेबात २.५ मिलिमीटर पडला की तो पावसाचा दिवस. अडीच मिलिमीटरने काळ्या मातीची धूळही नीट बसत नाही. आमच्या भाषेत त्याने खंड तुटत नाही. ‘नुसतं शिंतडलं’ म्हणतात. कोशात ‘खंड = मध्ये पडलेली तूट’ एवढे असेल तर ते चूक नाही. पण खंड कशाने तुटतो आणि कशाने तुटत नाही हे आमच्याकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे, ते ज्ञान मात्र कुठेच लिहिलेले नाही.

पावसानंतर लगेच वावरात पाय ठेवत नाहीत. वाफशाची वाट पाहतात. पुस्तकात वाफसा म्हणजे मातीच्या कणांमधल्या फटींत पाणीही आहे आणि हवाही आहे अशी अवस्था. सासूबाई मूठभर माती दाबतात, हात उघडतात आणि गोळा आपोआप फुटतो का ते बघतात. फुटला तर ‘आलं’. चिकटून राहिला तर घरी परत. मातीच्या आत किती जागा मोकळी झाली हे तळहाताला कळते, आणि त्याला एक शब्द आहे. मला हा शब्द फार आवडतो.

उन्हाळ्यात हीच माती उलते. भेग पडते असेही म्हणतो, पण उलणे वेगळे. भेग भिंतीला पडते, कपाला पडते. उलते ती जमीन, टाच आणि काळीज. काळी माती पाण्याने फुगते आणि सुकली की आकसते, म्हणून एप्रिल-मेमध्ये मनगट आत जाईल एवढी रुंद उलते. मुलांचे चेंडू त्यात हरवतात. नवखा माणूस घाबरतो. पण त्या भेगा कोणी बुजवत नाही. पहिला पाऊस तिथूनच खोल जातो आणि ओल धरतो. माती फुगली की त्या आपोआप मिटतात. खाडा भरायचा, उलण भरायची नाही, उघाड साधून घ्यायची. ऐकणाऱ्याने पुढे काय करायचे ते शब्दातच सांगितलेले असते. कोशात अर्थ म्हणून सगळ्यांपुढे ‘रिकामी जागा’, ‘अंतर’, ‘तूट’ असे लिहिले की नेमके हेच गळून जाते.

आता ज्यासाठी मुख्यतः लिहिते आहे त्याकडे येते.

तुम्ही म्हणाल, चार शब्द कोशात नीट आले नाहीत म्हणून काय बिघडले? बिघडते. माझे माहेर चंद्रपूर जिल्ह्यातले. तिथे गावाबाहेर जो उघडा भाग असतो त्याला एकच एक नाव नव्हते. सकाळी गावाची गुरे गोळा होतात तो आखर. गुराखी येईपर्यंत गाई तिथे उभ्या राहतात, बाया शेण गोळा करतात, मुले खेळतात. दहा वाजता तिथे कोणीच नसते आणि परक्या माणसाला वाटते की ही ओसाड जागा आहे. आखराच्या पलीकडे चराईचे रान, खुरटी झुडपे, मुरूम, कुठे पळस, कुठे बोरी. सरपण तिथून, कुडाच्या काड्या तिथून, तरोट्याची भाजी तिथून. मध्य प्रांताच्या काळापासूनच्या महसुली नोंदींत अशा जमिनीला ‘झुडपी जंगल’ म्हटलेले आहे. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांत अशी हजारो हेक्टर जमीन आहे. नोंद करणाऱ्याने झुडपे पाहिली आणि लिहिले. आखर, चराई, सरपण हे शब्द त्या रकान्यात आले नाहीत.

पुढे १९८० मध्ये वन संवर्धन कायदा आला. आणि १२ डिसेंबर १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की या कायद्यातला ‘वन’ हा शब्द त्याच्या शब्दकोशातल्या अर्थाने घ्यायचा. शब्दकोशातल्या! मंडळी, हे वाक्य मी पहिल्यांदा वाचले तेव्हा अंगावर काटा आला. त्या एका वाक्याने देशातली किती झाडे वाचली असतील, त्याबद्दल माझ्या मनात आदरच आहे. पण त्याचा अर्थ असाही झाला की कपाटातला कोश जमिनीच्या निकालात साक्षीला उभा राहतो. २२ मे २०२५ रोजी त्याच न्यायालयाने विदर्भातले झुडपी जंगल हे वनच असल्याचा निर्णय दिला. त्या जमिनींवर दरम्यानच्या काळात घरे उठली होती, शाळा होत्या, स्मशाने होती, सरकारी कचेऱ्या होत्या. १९९६ च्या आधीच्या वाटपांसाठी मार्ग ठेवला आहे, तो न्यायालयाचा आणि सरकारचा विषय. मी कायद्याची माणूस नाही आणि निर्णयावर बोलण्याचा माझा अधिकार नाही. मला एवढेच दिसते की ‘झुडपी’ हा शब्द नोंदवहीत आला तेव्हा त्याच्या शेजारी ‘आखर’ आला असता, त्याचा अर्थ कोणत्यातरी कोशात गावाच्या तोंडून लिहिला गेला असता, तर पुढे वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंच्या हातात निदान खरा शब्द असता.

सातबाऱ्यावर ‘पोटखराब’ म्हणून एक नोंद असते. वावराच्या पोटात असलेली, पण पेरता न येणारी जमीन. नाला, खडक, वाट. आमच्या वावराच्या पोटखराबात एक उतरती बरड पट्टी आहे. पावसाळ्यात तिथे कटुले येतात, दिवाळीआधी बैलांना पुरेल एवढे गवत येते. दर वर्षी कोणीतरी सल्ला देते की मशीन लावून सपाट करून टाका. धुऱ्याचेही तसेच. दोन वावरांमधला धुरा पूर्वी बैल चालेल एवढा रुंद होता, त्यावर बाभळी होत्या, बोरी होत्या. दोन्हीकडून दर वर्षी एकेक तास, म्हणजे नांगराची एकेक रेघ, पुढे सरकत आता तो वीतभर राहिला आहे. पांदणीचे, म्हणजे वावरांकडे जाणाऱ्या गाडीवाटेचे, तर विचारूच नका. पावसाळ्यात खताची गाडी आत जात नाही, मोजणी मागवावी लागते, भावाभावांत बोलणे बंद होते. धुरा आणि पांदण यांना ‘मोकळी जागा’ म्हणू लागले तेव्हापासून त्या आटू लागल्या असे माझे मत आहे. पुरावा मागाल तर माझ्याकडे नाही. पण माझ्या वर्गातल्या मुलांना पांदण म्हणजे काय विचारले तर ती ‘चिखलाचा रस्ता’ सांगतात, आणि धुरा म्हणजे ‘भांडणाची जागा’. त्यांचे चूक नाही, त्यांनी तेवढेच पाहिले.

गावेसुद्धा रिकामी होतात. आमच्याकडे उठून गेलेल्या गावाच्या जागेला रीठ म्हणतात. घरे नसतात, पण चिंच असते, पांढरीची माती असते, नांगराला खापरे लागतात, आणि वर्षातून एकदा आजूबाजूचे लोक तिथल्या मारुतीला नारळ फोडून येतात. कागदोपत्री अशा गावाला ‘बेचिराख’ हा जुना शब्द आहे. तो फारसीतून आला. बे-चिराग, म्हणजे जिथे दिवा नाही. आपण तो जाळपोळीच्या बातमीत वापरतो, राख ऐकू येते म्हणून. मूळ शब्द लिहिणाऱ्या कारकुनाने मात्र संध्याकाळी त्या गावाकडे पाहिले असणार.

तर माझी विनंती. मोल्सवर्थचा कोश १८३१ मध्ये निघाला, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ या काळात. दोन्हींबद्दल मनात कृतज्ञता आहे. दाते-कर्वे यांच्या कोशात एखाद्या शब्दापुढे कंसात (व.), म्हणजे वऱ्हाडी, दिसला की मला अजूनही माहेरचे माणूस भेटल्यासारखे होते. पण आता त्या (व.) वर भागवू नका. ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, अमरावती जिल्ह्यात रिद्धपूरला मराठी भाषा विद्यापीठ उभे राहते आहे, पुन्हा एकदा शब्द गोळा करायची भाषा ऐकू येते आहे. तेव्हा शब्दापुढे नुसता अर्थ आणि जिल्हा लिहू नका. तो शब्द कोणी, कोणत्या महिन्यात, काय करताना उच्चारला ते एका वाक्यात लिहा. जागा रिकामी असेल तर ती भरायची असते की राखायची असते, तेही लिहा. बायांना विचारा. निंदण, वेचणी, खाडे ही कामे त्यांच्या हातची आहेत, आणि शब्द गोळा करणारे बहुधा पारावर बसलेल्या पुरुषांना विचारून परत जातात.

एका गावात एक अर्थ आणि पाच कोसांवर दुसरा सापडला तर त्यातला एक खोडू नका. रिद्धपूरच्याच मातीतले उदाहरण आहे. म्हाइंभटांच्या लीळाचरित्राची मूळ पोथी धामधुमीत हरवली. महानुभावांनी ज्याला जे आठवत होते ते जमवून ग्रंथ पुन्हा उभा केला, आणि आठवणी जुळल्या नाहीत तिथे वेगळी आठवणही नोंदवून ठेवली. सातशे वर्षांपूर्वीची माणसे एवढी काळजी घेत होती.

त्या मुलीबद्दल. ती आता कॉलेजात आहे. गेल्या वर्षी बसस्टँडवर भेटली तेव्हा मी तिला वहीची गोष्ट सांगितली आणि म्हटले की तुझा शब्द बरोबर होता, मी चुकले. तिला ते आठवत नव्हते. थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, ‘‘मॅडम, खाडा भरला आमचा. पण ते झाड जरासं मागंच राहिलं.’’ भावाबद्दल बोलत होती. हे वाक्य मी माझ्या वहीत लिहून ठेवले आहे. तुम्हाला हवे असेल तर खाडा या शब्दाखाली उदाहरण म्हणून घ्या, फक्त नाव घालू नका.

यायचे असेल तर मृगात येऊ नका, तेव्हा कोणाला मान वर करायला वेळ नसतो. पेरणीनंतर आठ-दहा दिवसांनी या. बाया सकाळी सातला वावरात असतात. तुमच्यासाठीही सरकीची एक पिशवी ठेवीन. ओळीत चालत चालत विचारा, बसवून विचारलेत तर त्या लाजतील आणि पुस्तकातले शब्द सांगतील.

आपली,
एक शिक्षिका
आर्णी तालुका, जि. यवतमाळ